पंक्चर झालं ते ठीक, पण नटच निघत नाही त्याचं काय?

चाक बदलायची रीत कोणीही पाच मिनिटांत सांगतं. हँडब्रेक ओढा, नट ढिले करा, जॅक लावा, चाक काढा, स्टेपनी चढवा. ऐकायला सोपं, आणि हत्यारांनी साथ दिली तर खरंच सोपं. गाडं अडतं ते हत्यारांपाशी. पाना हातभर लांबीचाही नाही, नट दगडासारखा घट्ट, जॅक गाडीखाली शिरत नाही, शिरला तर मातीत रुततो. हे सगळं कळतं तेव्हा तुम्ही उमरेड रोडवर कुठेतरी, मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभे असता. नव्याने चारचाकी घेतलेल्यांनी आणि नागपुरात नवीन आलेल्यांनी पुढचं वाचून घ्यावं. सावलीत, घरी.

आधी घरी एकदा करून बघा

सुट्टीच्या दिवशी सकाळी ऊन चढण्याआधी डिकी उघडा, खालचा गालिचा उचला आणि कंपनीने काय दिलंय ते बाहेर काढून मांडा. साधारणपणे इतकं हवं: कात्रीसारखा घडीचा जॅक, तो फिरवायचं हँडल, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा व्हील पाना, गाडी ओढायचा हुक आणि लाल त्रिकोण. सेकंडहँड गाडी असेल तर यातलं काहीतरी हमखास गायब असतं, बहुतेक वेळा जॅकचं हँडलच. काही गाड्यांत जॅक ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या सीटखाली असतो, तेव्हा डिकीत नाही म्हणून हाय खाऊ नका.

मग पाना नटावर बसवून बघा. नुसता बघू नका, नट खरोखर ढिला करा. नटांचे आकार सगळीकडे सारखे नसतात. १७, १९ आणि २१ मिलिमीटर हे तीन आकार आपल्याकडे सर्रास दिसतात. फोक्सवॅगन आणि स्कोडा गाड्यांना बहुधा १७ चे बोल्ट असतात, होंडाला १९, टोयोटा आणि ह्युंदाईला २१. आधीच्या मालकाने अलॉय व्हील टाकली असतील तर त्यासोबत नटही बदललेले असू शकतात, आणि कंपनीचा पाना त्यांना लागत नाही. अलॉयच्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासा. चाकाचा एक नट बाकीच्यांपेक्षा वेगळा, नक्षीदार तोंडाचा आहे का? तो चोरीपासून वाचवणारा लॉक नट. तो उघडायला जी छोटी गोटी (पान्याला जोडायचा सॉकेट) लागते ती नसेल तर बाकी सगळी हत्यारं असून उपयोग नाही. ती गोटी कुठे ठेवलीय हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक हवं.

स्टेपनीची हवासुद्धा त्याच दिवशी बघा. दर महिन्याला चार चाकांत हवा भरून घेणारे लोक पाचव्याकडे ढुंकून बघत नाहीत. ड्रायव्हरच्या दारापाशी खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर आकडा असतो, त्यापेक्षा थोडी जास्तच भरून ठेवा, कारण नुसतं पडून राहिलं तरी चाक हवा सोडतं. आणि हो, डिकीत स्टेपनीच नसेल तर डीलरने फसवलं असं लगेच समजू नका. २०२० च्या नियमबदलानंतर, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा किट असलेल्या गाडीला स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. तुमची गाडी तशी असेल तर किट कसा वापरायचा ते आजच वाचा.

कंपनीच्या हत्यारांना जोड

कंपनी देते ती हत्यारं वजन आणि जागा वाचवण्यासाठी बनवलेली असतात. त्यांना थोडी जोड द्यायची. इतवारीत लोहाओळीत एक चक्कर मारली की बहुतेक सगळं मिळतं.

पहिली खरेदी म्हणजे तुमच्या नटाच्या मापाची चांगली गोटी आणि तिला लावायचा दीड-दोन फुटी दांडा. तो नको असेल तर पान्याच्या दांड्यावर घट्ट बसेल असा लोखंडी पाइपाचा दोन फुटी तुकडा. गोटी घेताना आत सहा कोपरे आहेत ना ते बघून घ्या. बारा कोपऱ्यांची गोटी जाम नटावर घसरते आणि नटाचे कोपरे खाते. फुलीचा चार तोंडी पानाही चांगला, कारण त्याला दोन्ही हातांनी जोर लावता येतो, पण डिकीत तो जागा फार खातो.

दुसरी वस्तू फळी. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि निदान इंचभर जाडीची, सागाची किंवा जाड प्लायची. संत्र्याच्या पेटीची फळी नागपुरात कुठेही पडलेली मिळते, ती उचलून आणू नका. गाडीचं वजन आलं की ती कडकन मोडते.

बाकी किरकोळ: कातडी किंवा जाड सुती हातमोजे, गुडघ्याखाली टाकायला पोतं, टॉर्च, तारेचा ब्रश, चाकांना लावायला लाकडाचे दोन ठोकळे. हातमोजे चैनीची गोष्ट नाही. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतला पाना उघड्या हाताने धरून दाखवा!

गंज सोडवणाऱ्या स्प्रेबद्दल एक सूचना. अशा डब्यांवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये असं छापलेलं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात, त्यातही नवतपात (मे अखेरीस सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस), बंद गाडीच्या आत तापमान त्याच्या पुढे सहज जातं. म्हणून मार्च ते जून स्प्रेचा डबा घरी ठेवावा आणि गाडीत त्याच कामाचं तेल छोट्या तेलाच्या बुधलीत ठेवावं. पंक्चर बंद करणाऱ्या फेसाच्या डब्यालाही हेच लागू.

गाडी कुठे थांबवायची

हत्यारांच्या निम्म्या अडचणी चुकीच्या जागी थांबल्यामुळे येतात. बसलेल्या टायरवर हळूहळू शंभर-दोनशे मीटर गेल्याने टायर खराब होईल, रिमलाही मार लागेल, पण उतारावर, वळणावर किंवा मातीच्या कडेला जॅक लावण्यापेक्षा ते परवडलं. सपाट, टणक जागा शोधा. शहरातले सिमेंटचे रस्ते या कामाला उत्तम. डांबरी रस्ता मेमध्ये दुपारी मऊ होतो आणि जॅकचा पाय त्यात खळगा करतो, तेव्हा तिथेही फळी हवीच.

धोक्याचे दिवे चालू, हँडब्रेक वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी वर. सगळे प्रवासी खाली उतरून रस्त्यापासून लांब. त्रिकोण मागे निदान ५० मीटरवर, महामार्गावर त्याहून मागे. बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे.

समृद्धी महामार्गाची गोष्ट वेगळी. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. उजवं चाक बसलं असेल तर तुमची पाठ थेट त्या वाहतुकीकडे येते. हत्यार पहिल्याच जोराला साथ देत नसेल तर तिथे झटापट करत बसू नका. सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जायचं आणि महामार्गाच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. राष्ट्रीय महामार्गांवर, म्हणजे वर्धा रोडने बुटीबोरीकडे किंवा कामठी-मनसरच्या बाजूला असाल तर १०३३. जीवाला धोका वाटला तर कुठेही ११२.

नट निघत नाही

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

आधी नट एवढा घट्ट का, ते समजून घ्या. छोट्या गाडीच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर द्यायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. कंपनीचा पाना समजा २५ सेंटिमीटरचा आहे. मग त्याच्या टोकावर सुमारे ४० किलोचा भार दिला की नट हलायला हवा. पण टायरच्या दुकानात नट हवेच्या गनने मारतात. घुर्र करून एकदा दाबली की झालं, मोजतं कोण? तोच नट दुप्पट घट्ट बसला असेल तर २५ सेंटिमीटरच्या पान्यावर ८० किलो भार हवा. दांडा ६० सेंटिमीटरचा केला की तेच काम ३४ किलोत होतं. पाइपाच्या तुकड्याचं महत्त्व एवढंच आहे, आणि त्यासाठी पैलवान असायची गरज नाही.

आता क्रम.

चाक जमिनीवर असतानाच नट ढिले करायचे. जॅकवर उचललेल्या गाडीच्या नटाशी कुस्ती खेळायची नाही. एकतर चाक फिरतं, आणि गाडी जॅकवरून घसरण्याचा धोका खरा असतो.

व्हील कॅप असेल तर ती आधी काढा. काही कॅप नटांखाली दाबलेल्या असतात, त्या ओढून तोडू नका. नट निघाले की त्याही सुटतात.

पाना पूर्ण आत बसला पाहिजे. नटाभोवती चिखल वाळून बसलेला असतो, तो तारेच्या ब्रशने काढा. अर्धवट बसलेला पाना घसरला की तुमची बोटं आणि नटाचे कोपरे, दोन्ही सोलून निघतात.

नट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने उघडतो. पान्याचा दांडा तुमच्या डाव्या हाताला, जमिनीला समांतर येईल असा लावा, म्हणजे जोर खाली द्यावा लागेल आणि अंगाचं वजन कामी येईल. वर ओढून उघडायला गेलात तर कंबर धरते. हाताने नाही झालं तर पाइप चढवा. तरी नाही, तर गाडीचं छत धरून एक पाय दांड्याच्या टोकावर ठेवा आणि वजन हळूहळू सोडा. उड्या मारू नका. नट अचानक सुटतो, पाना निखळतो आणि माणूस नडगीवर आपटतो.

हलत नसेल तर एकदा किंचित घट्ट करायच्या दिशेने जोर देऊन बघा. गंजाची पकड कधीकधी त्या बाजूने आधी तुटते. मग पुन्हा उलटा. तेल असेल तर नटाच्या बुडाशी दोन-चार थेंब सोडा, हातोडीने किंवा दगडाने नटाच्या डोक्यावर हलके ठोके द्या आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. इथे लोकांचा धीर सुटतो. थांबण्यानेच काम होतं, तेवढ्यात पाणी प्या. तेल ब्रेकच्या चकतीवर उडू देऊ नका. आणि मेणबत्ती, लायटर, गॅसची बत्ती असलं काही चाकाच्या जवळ आणू नका. तापलेला टायर फुटतो, आणि त्यात माणसं दगावतात.

नटाचे कोपरे गोल झाले असतील तर मेकॅनिक एक मापाने लहान गोटी हातोडीने ठोकून बसवतात आणि तिच्यासकट नट काढतात. जमलं तर जमलं. गोटी मात्र नंतर बहुधा त्या नटातच अडकून राहते, हे धरून चला. काही नटांवर चकचकीत पातळ पत्र्याची टोपी असते. ती फुगली की १९ चा पाना बसत नाही आणि २१ चा ढिला पडतो. फुगलेली टोपी स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढता येते, पण आतला नट मग वेगळ्या मापाचा निघतो. असे नट दिसले तर रस्त्यावर नौबत येण्याआधीच पूर्ण संच बदलून टाका.

एवढं करूनही नट हलला नाही तर ट्रकवाल्यांचा पंक्चरवाला शोधा. अमरावती रोडला वाडी, भंडारा रोडला पारडी, कळमना बाजाराचा परिसर, जिथे ट्रक थांबतात तिथे हा माणूस असतोच. त्याच्याकडे पुरुषभर लांबीची टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, असते किंवा हवेची गन. तो नट बघून म्हणेल, "भाऊ, गननं मारला आहे हा, हातानं नाही निघत." आणि अर्ध्या मिनिटात काढून देईल. ठरलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. पाच नटांपैकी एक अडला म्हणून दोन तास उन्हात काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

जॅकचे नखरे

जॅक गाडीखाली शिरत नाही, ही पहिली तक्रार. आधी तो पूर्ण मिटलाय ना ते बघा; बरेचदा तो दोन इंच उघडाच डिकीत ठेवलेला असतो. पूर्ण मिटूनही जात नसेल तर टायर बसल्यामुळे गाडी खाली आली आहे. बसलेल्या चाकापुढे फळी किंवा सपाट फरशी ठेवून त्या चाकाला हळूच तिच्यावर चढवा. तेवढी इंचभर उंची पुरते. चढवताना ठोकळे काढायला आणि नंतर परत लावायला विसरू नका. हवा भरायचा छोटा पंप असेल तर भोक असलेल्या टायरातही दोन मिनिटं टिकेल इतकी हवा भरता येते, तेवढ्यात जॅक सरकवून घ्यायचा.

जॅक कुठे लावायचा? पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांच्यामध्ये. इतरत्र लावलात तर पत्रा दबतो, क्वचित जॅक आत घुसतो.

हँडल हरवलं असेल तर जॅकच्या स्क्रूचं टोक बघा. काहींना षटकोनी डोकं असतं, त्याला व्हील पाना किंवा साधा रिंग पाना चालतो. काहींना नुसतं भोक असतं. त्यात जाड स्क्रूड्रायव्हर घालून अर्धा-अर्धा फेरा करत वर नेता येतं. वेळ लागतो, पण होतं. स्क्रू कोरडा कुरकुरत असेल तर त्यावर ग्रीस हवं होतं. ते घरच्या सरावाच्या दिवशीच लावून टाका, स्क्रूच्या पूर्ण लांबीवर.

विदर्भातली काळी माती हा जॅकचा खरा शत्रू. पावसाळ्यात काटोल किंवा उमरेडच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उतरलात तर वरून कोरडी दिसणारी माती आतून लोण्यासारखी असते. जॅकचा पाय तळहाताएवढा, त्यावर गाडीचा एक कोपरा. तुम्ही हँडल फिरवत राहता, गाडी जागची हलत नाही, कारण जॅक खाली चाललेला असतो. अशा वेळी फळी हवीच, आणि जमलं तर गाडी पुढे नेऊन मुरुमाची जागा गाठा. विटेवर जॅक ठेवू नका. वीट भार आला की फुटते.

वर जाताना जॅक एका बाजूला कलायला लागला तर लगेच खाली घ्या आणि पुन्हा सरळ लावा. हाताने ढकलून सरळ करायचा प्रयत्न करू नका. चाक जमिनीपासून सुटलं की दाराखालच्या पत्र्याखाली स्टेपनी आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटला तर गाडी तिच्यावर थांबेल. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाऊ देऊ नका, पडलेला नट शोधायलाही नाही.

चाक हबला चिकटलंय, स्टेपनी खाली येत नाही

सगळे नट निघाले आणि चाक तरी सुटत नाही, असं जुन्या गाडीत होतं, कारण रिम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) यांच्यामध्ये गंज धरतो. जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. नट परत दोन-दोन आटे बसवा, गाडी खाली उतरवा, ठोकळे काढा आणि फूटभर पुढे-मागे करा. गाडीच्या वजनाने चिकटलेलं चाक सुटतं. मग ठोकळे लावून पुन्हा वर. चाक निघाल्यावर हबचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला की पुढच्या वेळी हा ताप नाही.

इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली असते. ती वरच्या एका भोकातून दांडा घालून उतरवतात. वर्षानुवर्षं चिखल बसून ही यंत्रणा जाम होते. पावसाळा संपला की एकदा पूर्ण खाली उतरवून, धुऊन, तेल देऊन परत चढवावी.

चढवताना

जड चाक हाताने उचलून धरायची गरज नाही. समोर पोत्यावर बसा, पायांनी किंवा टायरखाली घातलेल्या दांड्याने चाक इंचभर वर करा आणि भोकं जुळवा. स्टडऐवजी (हबवरच्या आटे असलेल्या खुंट्यांऐवजी) बोल्ट असलेल्या गाडीत हे जुळवणं जास्त त्रासाचं, कारण चाक टांगून ठेवायला काही नसतं. तिथे वरचा बोल्ट आधी धरवा.

नटाची निमुळती बाजू चाकाकडे. पहिले काही आटे हातानेच फिरवा. हाताने फिरत नसेल तर नट तिरका बसला आहे. तो काढा आणि पुन्हा लावा. तिथेच पान्याने जोर दिला की आटे जातात आणि साधं पंक्चर स्टड बदलण्यापर्यंत पोचतं. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने तोच जोर नटाला जास्त ताणतो. नट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा, गाडी खाली घ्या आणि मग शेवटचा जोर द्या. हा शेवटचा जोर कंपनीच्या पान्याने, हाताने. पाइप फक्त उघडायला.

स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती पाळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट एकदा तपासा, थोडे सैल झालेले सापडू शकतात.

दुसऱ्या दिवशी पंक्चर काढून घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला आधीच सांगा: "दादा, गननं नुसते धरवा, शेवटचे हातानं आवळा." थोडं तोंड वाकडं करेल, पण करेल. टॉर्क पाना (जोर मोजून आवळणारा पाना) असलेलं दुकान सापडलं तर ते धरून ठेवा. आणि डिकी बंद करण्याआधी जॅकचं हँडल, मोठी गोटी आणि लॉक नटची छोटी गोटी परत जागेवर गेलीय का ते मोजून घ्या. या तिन्ही वस्तू दुकानाच्या फरशीवर राहून जातात.